राखेच्या रंगाची माती

भूगोलाच्या पेपरात जोड्या लावा हा प्रश्न आला की दोन नावं हमखास असतात. चर्नोझम म्हणजे काळी, सुपीक, गवताळ प्रदेशातली. पॉडझॉल म्हणजे राखाडी, नापीक, सूचिपर्णी जंगलातली. आपण पाठ करतो, मार्क घेतो आणि विसरून जातो. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसलो की तीच जोडी पुन्हा भेटते, पुन्हा पाठ होते. हे दोन्ही शब्द मुळात रशियातल्या शेतकऱ्यांच्या तोंडचे आहेत. ते तिथून उचलून विज्ञानाच्या पुस्तकात नेऊन बसवणारा माणूस स्वतः त्यातल्या दुसऱ्या, म्हणजे नापीक मातीवर जन्माला आला होता. हे मात्र कुठल्या गाइडमध्ये सापडत नाही.

या माणसाचं नाव वासिली दोकुचायेव. मृदाशास्त्राचा जनक म्हणून एका ओळीत त्याची बोळवण होते. पण त्याच्या आयुष्याकडे त्या राखाडी मातीच्या बाजूनं पाहिलं, तर गोष्ट बरीच वेगळी दिसते.

मॉस्कोच्या पश्चिमेला स्मोलेन्स्क प्रांत आहे. तिथल्या सिचोव्का तालुक्यातल्या मिल्युकोवो या खेड्यात १ मार्च १८४६ रोजी त्याचा जन्म झाला. वडील गावच्या चर्चचे पाद्री. खेड्यातला पाद्री म्हणजे काही श्रीमंत माणूस नव्हे, घरची थोडी शेती आणि गावानं दिलेलं जे काही असेल त्यावर संसार. आणि शेती होती ती या राखाडी जमिनीवर. नांगर जरा खोल गेला की वरच्या पातळ काळसर थराखालून पांढरट, पिठासारखी माती वर यायची, जणू चुलीतली राख कुणी शेतात पसरली आहे. रशियन भाषेत राखेला झोला म्हणतात आणि खाली या अर्थी पोद. त्यावरून शेतकऱ्यांनी नाव पाडलं, पॉडझॉल. पांढरा पट्टा वर आला की पीक हलकं येणार, एवढं त्यांना बरोबर कळत होतं.

शेतात आणखी एक गोष्ट होती, धोंडे. बारीक खडे, मुठीएवढे दगड आणि मधूनच बैलगाडीएवढा एखादा गुळगुळीत ग्रॅनाइटचा धोंडा. गंमत अशी, की आसपास मैलोन् मैल ग्रॅनाइटचा एकही डोंगर नाही. हे दगड आले होते फिनलंड आणि स्कँडिनेव्हियाच्या बाजूनं, बर्फावर बसून. हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या प्रचंड हिमचादरीनं वाटेतले खडक खरवडले, भरडले, सोबत ओढत आणले आणि बर्फ वितळला तेव्हा जागच्या जागी टाकून दिले. वाहतं पाणी गाळ निवडून ठेवतं, वाळू एकीकडे, चिखल दुसरीकडे. बर्फाला अशी निवड जमत नाही. त्यानं टाकलेल्या मालात पिठासारखी चिकणमाती, वाळू, गोटे आणि धोंडे सगळं एकत्र कालवलेलं असतं. भूशास्त्रात या सरमिसळीला टिल म्हणतात. वासिली खेळला, पडला, खरचटून घेतलं ते याच टिलवर.

पाद्र्याच्या मुलाची वाट ठरलेली असायची. आधी व्याझ्मा गावातली धार्मिक शाळा, फुकट पण कडक शिस्तीची. मग स्मोलेन्स्कची सेमिनरी. ती त्यानं १८६७ मध्ये चांगल्या नंबरानं संपवली आणि सरकारी खर्चानं पीटर्सबर्गच्या धर्मशास्त्र अकादमीत त्याला जागा मिळाली. घरच्यांसाठी ही मोठीच गोष्ट असणार. पण तीनच आठवड्यांत त्यानं अकादमी सोडली आणि विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत नाव घातलं. फुकटचं शिक्षण आणि ठरलेली नोकरी दोन्ही हातातून गेलं. एकविसाव्या वर्षी शाखा बदलायचा विचार ज्यांच्या डोक्यात घोळतोय त्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

विद्यापीठात शेवटच्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली. राजधानीत राहणारा, थोरामोठ्यांच्या हाताखाली शिकणारा विद्यार्थी उरल पर्वत किंवा कॉकेशस असं काहीतरी भारदस्त निवडेल असं वाटतं. यानं निवडली काचन्या नदी. काचन्या म्हणजे त्याच्या मिल्युकोवोजवळून वाहणारी लहानशी नदी. तिच्या काठावर साचलेल्या गाळाचा आणि मातीचा त्यानं अभ्यास केला आणि १८७१ च्या डिसेंबरमध्ये पीटर्सबर्गच्या निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेत तो वाचून दाखवला. गावची नदी आणि गावची माती, हाच त्याचा पहिला संशोधनलेख.

पुढच्या वर्षी विद्यापीठातच भूशास्त्राच्या संग्रहाची देखभाल करायची नोकरी मिळाली. १८७० चं ते दशक दोकुचायेव यांनी अक्षरशः चालत काढलं. नदीकाठ, दऱ्या, घळी आणि फिनलंडमधल्या बर्फानं घासलेल्या खडकांचा प्रदेश. त्या काळात हे धोंडे कुणी आणले यावर भूशास्त्रज्ञांत जोरदार भांडण चालू होतं. बऱ्याच जणांचं म्हणणं, पूर्वी इथं समुद्र होता, त्यात हिमनग तरंगत आले आणि वितळताना त्यांनी दगड टाकले. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, समुद्र वगैरे काही नाही, जमिनीवरूनच बर्फाची चादर सरकत आली. ही दुसरी बाजू रशियात ठामपणे मांडणारा माणूस म्हणजे प्योत्र क्रपोत्किन. हो, तोच, अराजकवादी क्रांतिकारक. १८७४ मध्ये भौगोलिक संस्थेत हिमयुगावरचं भाषण आटोपल्यावर लगेचच त्याला अटक झाली आणि त्याविषयीचा ग्रंथ त्यानं किल्ल्यातल्या तुरुंगात बसून लिहिला. अशा धामधुमीच्या काळात दोकुचायेव आपले निमूटपणे घळी मोजत होते. राजकारण हा त्यांचा पिंड नव्हता. नद्यांची खोरी कशी तयार होतात यावर त्यांनी १८७८ मध्ये प्रबंध सादर केला.

भूशास्त्रज्ञाला माती म्हणजे अडचण असते. खडक पाहायचा तर वरची माती बाजूला सारावी लागते. रसायनशास्त्रज्ञाला माती म्हणजे पिकाचं कोठार, त्यात नत्र किती, पोटॅश किती, एवढाच हिशेब. युरोपात तेव्हा मातीकडे या दोनच नजरांनी पाहत. खडक झिजला, भुगा झाला, त्याचं नाव माती. दोकुचायेव यांची दृष्टी बदलली त्यात त्या राखाडी पॉडझॉलचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. १८८० मध्ये त्यांनी स्मोलेन्स्कच्या पॉडझॉलवर लिहिलं आणि शेतकऱ्यांचा तो शब्द शास्त्राच्या भाषेत आणला.

हे नीट कळायला एक खड्डा खणू या. जागा पीटर्सबर्गच्या दक्षिणेची घेऊ, कारण तिथं ही माती आपला स्वभाव अगदी स्पष्ट दाखवते. लुगा आणि ओरेदेझ या नद्यांच्या काठी लाल वालुकाश्माच्या कपारी उघड्या पडलेल्या दिसतात. हा डेव्होनियन काळातला, म्हणजे पस्तीस कोटी वर्षांहून जुना खडक. हिमचादर त्याच्यावरून गेली तेव्हा तो खरवडला गेला. त्यामुळे वर पसरलेल्या टिलमध्ये उत्तरेकडून आलेल्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांबरोबर या वालुकाश्माची वाळूही मिसळली. म्हणजे तळाला वालुकाश्म, त्यावर टिल आणि टिलवर पाइन, स्प्रूस आणि बर्चचं जंगल.

आता कुदळ चालवा. सगळ्यात वर पाय रुततील असा मऊ थर, स्प्रूसच्या सुयांचा, शेवाळाचा, अर्धवट कुजलेल्या काटक्यांचा. थंडीमुळे आणि आंबटपणामुळे हा पाला लवकर कुजत नाही. गांडुळं इथं फारशी नांदत नाहीत, त्यामुळे पाला खाली मातीत कालवलाही जात नाही, गादीसारखा वर पडून राहतो. त्याच्याखाली एकदम तो पांढुरका, राखेच्या रंगाचा थर. बोटांत चोळला तर कोरडा, भुसभुशीत, जवळजवळ नुसती वाळू. त्याच्याखाली रंग पुन्हा बदलतो, तांबूस, गंजासारखा, कुठे कुठे कॉफीसारखा गडद. कधी हा थर इतका घट्ट होतो की कुदळ ठणकन वाजते. आणि त्याच्याही खाली मूळ टिल, दगडगोट्यांची ती जुनीच सरमिसळ, बर्फाच्या वजनानं दाबली गेलेली.

खड्ड्याच्या तळाशी आणि वर मूळ माल एकच. तोच टिल, तोच बर्फ, तेच दगड. तरीही कमरेएवढ्या खोलीत तीन रंग, तीन स्वभाव. खडकाचा भुगा म्हणजे माती, हे खरं असतं तर वरपासून खालपर्यंत सगळं सारखंच दिसायला हवं होतं. मग मधे काय घडलं?

घडलं ते असं. याची रसायनं नंतरच्या पिढ्यांनी सविस्तर उलगडली, पण गाभा सोपा आहे. सुयांच्या पाल्यातून आम्ल द्रव्यं सुटतात. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी ती घेऊन खाली झिरपतं. वाळूत चुना नसतो, त्यामुळे आम्लाला मारणारं काही भेटत नाही. ही द्रव्यं मातीतल्या लोखंडाला आणि अॅल्युमिनियमला धरतात आणि खाली ओढून नेतात. मागे उरतात गारगोटीचे नागवे कण. त्यांच्यावरचा गंजाचा लेप धुऊन गेलेला असतो, म्हणून तो थर राखेसारखा दिसतो. राख तिथं मुळातच नाही. पुढे खाली गेल्यावर हे लोखंड आणि अॅल्युमिनियम साचतं आणि गंजाच्या रंगाचा तो थर बनतो. वालुकाश्मातून आलेल्या वाळूत पाणी सरळ खाली उतरतं आणि झाडांना लागणारी खनिजं मुळातच कमी, म्हणून तिथं हा सगळा प्रकार झटपट होतो. झटपट म्हणजे काही शतकं ते काही हजार वर्षं. मातीच्या घड्याळात ते झटपटच.

झाडांनाही याची किंमत मोजावी लागते. खालचा दाबलेला टिल मुळांना शिरू देत नाही, पाणीही पुढे सोडत नाही, त्यामुळे बर्फ वितळण्याच्या दिवसांत वर दलदल होते. स्प्रूसची मुळं मग ताटासारखी आडवी पसरतात. जोराचं वादळ आलं की झाड मुळांच्या ताटासकट उलटतं, मागे खड्डा आणि शेजारी उंचवटा सोडून जातं, आणि राखाडी, तांबूस थर वरखाली कालवले जातात. अशा जंगलात जमीन सपाट नसते, सगळीकडे खाचखळगे असतात.

आपल्याकडच्या वाचकाला एक गंमत इथं सांगायलाच हवी. कोकणात किंवा महाबळेश्वरला जांभा दगड पाहिला आहे ना? तिथंही पावसानं माती धुऊन निघते, पण उलट. उष्ण, दमट हवेत सिलिका धुऊन जाते आणि लोखंड, अॅल्युमिनियम वर राहतं, म्हणून जांभा लाल. रशियाच्या थंड जंगलात लोखंड खाली जातं आणि सिलिका वर राहते, म्हणून पॉडझॉल राखाडी. दोन्हीकडे पाणीच, पण हवामान आणि झाडोरा बदलला की निकाल उलटा.

नेमकी हीच गोष्ट दोकुचायेव यांनी मांडली. माती घडते ती पाच गोष्टींच्या हातून. खालचा मूळ माल, हवामान, त्यावर जगणारी झाडं आणि जीव, जमिनीचा चढउतार, आणि काळ. यातलं एक बदललं तरी माती बदलते. म्हणजे माती हा खडकाचा उरलेला चुरा नाही, ती झाडासारखी, खनिजासारखी निसर्गातली स्वतंत्र वस्तू आहे आणि तिचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. मातीच्या थरांना ए, बी, सी अशी अक्षरं देऊन वाचायची पद्धतही त्यांच्याच कामातून रुळली. आज जगभरचे विद्यार्थी खड्ड्यात उतरून तेच करतात.

ज्या कामानं त्यांचं नाव झालं ते मात्र काळ्या मातीचं, चर्नोझमचं. फ्री इकॉनॉमिक सोसायटीनं सोपवलेल्या या कामासाठी १८७७ पासून त्यांनी दक्षिणेचा गवताळ प्रदेश पालथा घातला, हजारो किलोमीटरचा प्रवास केला. ही माती समुद्राचा गाळ आहे, दलदलीतून आली आहे, असे तर्क तेव्हा चालू होते. दोकुचायेव यांनी दाखवून दिलं, की गवताची मुळं, तिथलं कोरडं हवामान आणि पुष्कळ काळ यांनी ती घडवली आहे. १८८३ मध्ये रशियन चर्नोझम हे पुस्तक आलं. त्यावर विद्यापीठात डॉक्टरेटची जाहीर परीक्षा झाली तेव्हा परीक्षकांत आवर्तसारणीचे मेंडेलीव होते.

त्यानंतरची दहा वर्षं धावपळीची. निझनी नोव्हगोरोद प्रांतात जमिनीवरचा कर न्याय्य रीतीनं ठरवायचा होता, त्यासाठी कुठली जमीन किती चांगली हे कळायला हवं होतं. दोकुचायेव आपल्या विद्यार्थ्यांची टोळी घेऊन गेले आणि चौदा खंडांचा अहवाल घेऊन परतले. मग पोल्तावा प्रांतात सोळा खंड. या टोळीत निकोलाय सिबिर्त्सेव होता, आणि जीवावरणाची कल्पना पुढे ज्यानं जगाला समजावली तो व्लादिमिर वेर्नाद्स्कीही होता. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात रशियन मातीचे नमुने मांडले गेले आणि त्यांना सुवर्णपदक मिळालं.

दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, जगात नावाजलेल्या त्याच काळ्या मातीच्या प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसं भुकेनं आणि रोगानं मेली. पॉडझॉलवर पीक कमी येतं हे कळण्यासारखं आहे. पण चर्नोझमवर माणसं मरतात म्हणजे काय? दोकुचायेव यांचं उत्तर सरकारला सुखावणारं नव्हतं. पाऊस कमी पडला हे खरंच, पण त्याआधी सगळं गवताळ रान नांगरून टाकलं होतं, होती नव्हती ती झाडी तोडली होती. बर्फ वाऱ्यानं उडून जातो, पाणी जमिनीत मुरण्याऐवजी घळींतून वाहून जातं, आणि घळी दरवर्षी वाढत जातात. गवताळ प्रदेश पूर्वी आणि आता कसा आहे यावर त्यांनी १८९२ मध्ये पुस्तक काढलं आणि ते दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी विकलं.

उपाय त्यांनी त्यातच दिले होते. शेतांच्या कडेनं झाडांचे पट्टे लावा, घळी बांधून काढा, तळी करा, पाणी अडवा. आपल्याकडे पाणलोटाची कामं पाहिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. वनखात्यानं त्यांना तीन ठिकाणी प्रयोग करू दिला. त्यातलं व्होरोनेझ प्रांतातलं कामेन्नाया स्टेप प्रसिद्ध आहे, तिथले झाडांचे पट्टे आजही उभे आहेत. जंगलाच्या मातीवर वाढलेला माणूस आता गवताच्या मातीवर जंगल लावत होता.

याच सुमारास नोव्हो अलेक्सांद्रिया, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या पुलावी इथल्या कृषी आणि वन संस्थेची सूत्रं त्यांच्याकडे आली. संस्था बंद पडायच्या बेतात होती. त्यांनी ती सावरली, अभ्यासक्रम बदलला आणि १८९४ मध्ये तिथं रशियातला मृदाशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग सुरू करून सिबिर्त्सेवला त्यावर बसवलं. दुसरीकडे मोठ्या विद्यापीठांत असे विभाग निघावेत, मातीची एक राष्ट्रीय संस्था असावी म्हणून ते अर्जांवर अर्ज करत राहिले. सरकारनं ते मनावर घेतलं नाही. ज्या देशात नुकतीच लाखो माणसं मेली होती तिथं मातीच्या अभ्यासाला पैसा नव्हता.

मग शरीरानं साथ सोडली. १८९५ पासून दुखणी सुरू झाली. १८९७ मध्ये पत्नी आना येगोरोव्ना कर्करोगानं गेल्या. मुलींची शाळा चालवणाऱ्या आना या दोकुचायेव यांच्या घराचाच नव्हे, मनाचाही आधार होत्या. त्या धक्क्यानं त्यांचं मन पार कोसळलं, नोकरीही सुटली. मधे एकदा सावरले. कॉकेशसच्या डोंगरांत गेले, पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढताना माती कशी पट्ट्यापट्ट्यानं बदलते ते पाहिलं. उत्तर ध्रुवाकडून दक्षिणेकडे येताना जे पट्टे दिसतात, तसेच पट्टे डोंगरावरही दिसतात. १८९९ मध्ये निसर्गाच्या पट्ट्यांचा सिद्धांत त्यांनी लिहून काढला. १९०० मध्ये सिबिर्त्सेव क्षयानं गेला, चाळिशीत. त्यानंतर दोकुचायेव पुन्हा खचले ते उठलेच नाहीत. शेवटची वर्षं आजारपणात, माणसांपासून दूर गेली. ८ नोव्हेंबर १९०३ रोजी पीटर्सबर्गमध्ये ते वारले तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते.

हवी होती ती संस्था त्यांना हयातीत मिळाली नाही. त्यांच्या नावाची मृदा संस्था निघाली १९२७ मध्ये, तोवर झारही गेला होता. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय मृदा परिषद भरली आणि रशियनांचं म्हणणं बाकीच्या जगानं नीट ऐकून घेतलं. अमेरिकनांनी पुढे स्वतःची वर्गवारी केली तेव्हा पॉडझॉलला स्पोडोसोल असं नवं नाव दिलं. स्पोडोस म्हणजे ग्रीक भाषेत राख. भाषा बदलली, पण स्मोलेन्स्कच्या शेतकऱ्याची राख काही सुटली नाही.

पीटर्सबर्गमध्ये वासिल्येव्स्की बेटावर त्यांच्या नावाचं मातीचं संग्रहालय आहे, ते त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १९०४ मध्ये उघडलं. तिथं मातीचे उभे काप लाकडी पेट्यांत बसवून ओळीनं लावले आहेत. चर्नोझमचा काप वरपासून काळाभोर, पाहताक्षणी नजर खेचून घेणारा. पॉडझॉलच्या कापात वर पाल्याची काळपट रेघ, तळाशी गंजाचा तांबूस रंग आणि मधे वीतभर राखाडी पट्टा.